गावाची सामाईक कणगी : वर्धा जिल्ह्यातील अनुभवाचा एक धडा

वर्धा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी पैसा येतो तो सुगीत. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. मृगाचा पाऊस पडला की बियाणे व खत घ्यावे लागते. त्यामागोमाग निंदण, डवरणी व फवारणीची मजुरी येते, मुलांच्या शाळा सुरू होतात आणि सणवारही त्याच दिवसांत येतात. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते, कापसाची वेचणी त्यानंतर चांगली लागते. मृगापासून दिवाळीपर्यंतचे हे चार-पाच महिने ज्या घरात शिल्लक नसते, त्या घराला कोणाच्या तरी दारात जावेच लागते. भूमिहीन मजुराच्या घराची स्थिती याहून बिकट असते, कारण पावसाची झड लागली की मजुरीही बंद पडते.

गरिबी म्हणजे केवळ कमी उत्पन्न, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी असली तरी पुरती नाही. खेड्यातील कुटुंबांचा इतिहास विचारला तर असे दिसून येते की, चार एकर जमीन असलेले, दोन वेळ जेवणारे घरही एखाद्या वर्षात खाली येते. कोठे घरातील कर्ता माणूस आजारी पडतो, कोठे बैल मरतो, कोठे दुबार पेरणीची पाळी येते. अशा वेळी काढलेले कर्ज मूळ अडचणीपेक्षा मोठे होते आणि पुढील सुगी आधीच विकली जाते. म्हणून गरिबीतून वर येण्याचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे करावयास हवेत. उत्पन्न कसे वाढेल हा एक, आणि आलेले उत्पन्न कोणत्या भोकातून गळते हा दुसरा. रांजणाला तडा असेल तर घागरी वाढवून भागत नाही; आधी तडा बुजवावा लागतो.

हा तडा एकट्या घराला बुजवता येत नाही, पण गावाला बुजवता येतो, असे वर्धा जिल्ह्यातील काही सामुदायिक उपक्रमांनी दाखवून दिले आहे. त्या उपक्रमांची रीत काय होती, त्यांना यश कशामुळे आले आणि मर्यादा कोठे पडल्या, याचा अभ्यास हा या धड्याचा हेतू होय.

सवाई आणि दीडी

प्रथम तडा किती मोठा आहे ते मोजून पाहावे. जुन्या काळी खेड्यात धान्याची उसनवारी सवाई-दीडीने चालत असे. आषाढात चार पायल्या ज्वारी घेतली आणि मार्गशीर्षात पाच पायल्या परत केल्या, तर ती सवाई. सहा पायल्या परत केल्या, तर ती दीडी. एक पायली जास्त देणे हे ऐकताना फारसे वाटत नाही. परंतु हिशेब मांडला असता पाच महिन्यांत चारास एक, म्हणजे शेकडा २५, असे ते व्याज होते. महिन्याला शेकडा ५ पडले. दीडीत तेच शेकडा १० होते.

आज धान्याची जागा बहुतांशी रोख रकमेने घेतली आहे. महिना शेकडा ५ या दराने ५,००० रुपये पाच महिन्यांसाठी घेतले, तर व्याजाचेच १,२५० रुपये होतात. हा पैसा गावातून किंवा निदान त्या घरातून कायमचा जातो. सावकारीवर बंधन घालण्यासाठी राज्यात महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा झाला असून विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तथापि रात्री मूल तापाने फणफणले असता कायद्याचे पुस्तक उपयोगी पडत नाही; त्या घटकेला कोणी पैसे देतो की नाही एवढेच महत्त्वाचे असते. सावकार टिकतो तो याच घटकेवर. म्हणून त्याची जागा घेणारी व्यवस्था गावातच, हाकेच्या अंतरावर असावी लागते.

मगनवाडीचा धडा

या विचाराची सुरुवात वर्धा येथे फार पूर्वी झाली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्धा येथे स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग या कार्यासाठी दिली आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी असे नाव पडले. संघाची धुरा अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, हातसडीचे तांदूळ, ताडगूळ अशा उद्योगांवर तेथे प्रयोग झाले. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली बैलघाणी पुढे वर्धा घाणी या नावाने ओळखली जाऊ लागली.

घाणीचे उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. शेतकरी तीळ किंवा जवस बाजारात विकतो आणि पुढे तेल विकत आणतो. बैलासाठी ढेपही विकतच आणतो. बी त्याचेच, तेल त्याच्याच बियांचे आणि ढेपही तीच. मधली कमाई मात्र दुसरीकडे राहिली. तीच घाणी गावात चालली तर तेल्याला काम मिळते, घराला तेल मिळते आणि बैलाला ढेप मिळते. पैसा गावातच एका हातातून दुसऱ्या हातात फिरतो. बाहेरून मदत मागण्यापूर्वी गावातले काय बाहेर जात आहे ते पाहावे, हा मगनवाडीचा धडा होय. यंत्रे बदलली, बाजार बदलला. हा प्रश्न मात्र प्रत्येक गावाने अजूनही स्वतःस विचारण्याजोगा आहे.

सेवाग्रामची ज्वारी

महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहावयास आले. तेच गाव १९४० पासून सेवाग्राम म्हणून ओळखले जाते. तेथे डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

रुग्णालय जवळ असले म्हणजे गरिबाला औषधोपचार मिळतोच असे नाही. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि उपचाराचे पैसे यांच्या भीतीने आजार अंगावर काढला जातो. तो वाढल्यावर रुग्ण आणला जातो, तेव्हा खर्च अनेक पटींनी वाढलेला असतो व त्यापायी शेत किंवा जनावर विकावे लागते. या अनुभवातून १९८० च्या सुमारास सेवाग्राम परिसरातील गावांत आरोग्यविम्याची एक योजना आकारास आली. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. या योजनेत वर्गणी ज्वारीच्या रूपाने घेतली जाई, म्हणून ती ज्वारीचा विमा म्हणून परिचित झाली.

योजनेची रीत साधी होती. सुगी झाल्यावर, खळ्यावर धान्य आलेले असताना, प्रत्येक कुटुंबाने ठरलेली ज्वारी जमा करावयाची. भूमिहीन मजुराने थोडी द्यावयाची, जमीनधारकाने जमिनीच्या मानाने अधिक द्यावयाची. लाभ मात्र सर्वांना सारखा. जमलेल्या धान्यातून गावनिधी उभा राही व त्यातून गावातील आरोग्य कार्यकर्ता, प्राथमिक औषधे यांसारख्या गरजा भागविल्या जात. त्या बदल्यात अकस्मात उद्भवलेल्या आजारासाठी सभासदांना रुग्णालयात मोफत उपचार मिळे. नेहमीचे बाळंतपण किंवा मोतीबिंदू यांसारख्या, आधी कळणाऱ्या गोष्टींसाठी खर्चात सवलत दिली जाई.

या रीतीतील तीन गोष्टी बारकाईने पाहाव्यात.

पहिली गोष्ट वर्गणीच्या वेळेची. मजुराच्या हाती श्रावणात रोकड नसते, पण मार्गशीर्षात धान्य असते. ज्या वेळी, ज्या रूपाने देणे सोसेल, त्या वेळी व त्या रूपाने घेतल्यामुळे गरिबालाही सभासद होता आले. दान घेणाऱ्याची मान खाली असते. आपल्या खळ्यावरची ज्वारी देऊन आलेला माणूस रुग्णालयात हक्काने उभा राहतो.

दुसरी गोष्ट सर्वांच्या सहभागाची. गावातील किमान ७५ टक्के कुटुंबे सामील झाली तरच त्या गावास योजना लागू होई. ही अट जाचक वाटेल, पण तिच्यामागे व्यवहार आहे. ज्याच्या घरी आजार आहे तोच वर्गणी भरू लागला, तर निधी दोन महिन्यांत आटतो. निरोग्याने आज दिले तरच उद्या तो आजारी पडल्यावर इतरांचे देणे त्याच्या कामी येते. शिवाय या अटीमुळे गावाला एकत्र बसून निर्णय घ्यावा लागे. वाडा आणि वस्ती यांचे एकाच बैठकीत एका गोष्टीवर मत जुळणे, हीच त्या गावाची पहिली कमाई होती.

तिसरी गोष्ट मर्यादेची. ज्वारीच्या वर्गणीतून रुग्णालयाचा सारा खर्च निघणे शक्य नव्हते आणि तशी अपेक्षाही नव्हती. या संस्थेस केंद्र व राज्य शासनाचे अनुदान मिळते आणि कस्तुरबा आरोग्य संस्थाही खर्चाचा वाटा उचलते. म्हणजे शासनाची मदत होतीच. गावाच्या वर्गणीने ती मदत गावाच्या दारापर्यंत आणली. पुढे विदर्भात ज्वारीचा पेरा घटत गेला, सोयाबीन वाढले आणि सेवाग्रामच्या विम्यातही रोख वर्गणी आली. धान्य गेले तरी सामाईक कणगीचे तत्त्व कायम राहिले.

बचत गटाचा हिशेब

आजाराचा तडा विम्याने बुजतो. पेरणी, शाळा व किरकोळ अडचण यांसाठी दुसरी कणगी लागते. ते काम महिलांचे बचत गट करू शकतात. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने गावोगावी गट बांधले. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. त्याच सहा जिल्ह्यांत २००९ पासून समन्वयित कृषी विकास प्रकल्प, म्हणजे केम, राबविण्यात आला आणि गटांच्या कामास त्यातूनही चालना मिळाली. २०११ मध्ये राज्यात ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजेच उमेद, सुरू झाले. त्याच्या पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत वर्धा होता. गावातील गटांचा ग्रामसंघ व ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी त्याची बांधणी आहे. गटाच्या कामात मुरलेल्या महिला वर्धिनी म्हणून दुसऱ्या गावी मुक्कामास जातात व तेथील महिलांना गट बांधण्यास शिकवितात. जे अधिकाऱ्याच्या भाषणाने पटत नाही, ते स्वतः कर्ज फेडून उभ्या राहिलेल्या बाईच्या बोलण्याने पटते.

गटाचे बळ त्याच्या पंचसूत्रीत आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अचूक हिशेब. उदाहरणादाखल १२ महिलांचा गट घ्यावा. प्रत्येकीने आठवड्यास २५ रुपये टाकले, तर आठवड्यास ३०० व वर्षास १५,६०० रुपये जमतात. याच निधीतून एका सभासदेने मृगात ५,००० रुपये महिना शेकडा २ दराने घेतले व पाच महिन्यांनी सुगीत एकदम फेडले, तर व्याज ५०० रुपये होते. सावकाराकडे तेच १,२५० झाले असते. दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडीत गेली, तर व्याज १००, ८०, ६०, ४० व २० मिळून ३०० रुपयांवर येते. याहून महत्त्वाची बाब अशी की, हे व्याज गटाच्याच पेटीत पडते व त्यात कर्ज घेणारीचाही वाटा असतो. सावकाराला दिलेला रुपया परत येत नाही. गटाला दिलेला रुपया पुढील वर्षी शेजारणीच्या पेरणीस उपयोगी पडतो.

सहा महिने गट पंचसूत्रीप्रमाणे चालला व वह्या नीट असल्या, की बँक त्याची प्रतवारी पाहून कर्जाचा विचार करते. व्याजातील सवलत व फिरता निधी यांचे नियम वेळोवेळी बदलतात. ते तालुक्याच्या अभियान कक्षात किंवा बँकेत विचारून घ्यावेत. वही मात्र कोणी बाहेरून लिहून देणार नाही. ती गटानेच, बैठकीत, सर्वांसमोर लिहिली पाहिजे.

कर्जाने केवळ अडचण भागविणे ही पहिली पायरी. मालाची कमाई गावात राखणे ही दुसरी. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद ओली विकली तर एक भाव येतो. शिजवून, वाळवून, घासून, दळून विकली तर निराळा येतो. यातील जेवढी कामे गावात होतील, तेवढी मजुरी व नफा गावात राहतो. तूर भरडून डाळ करणे, मिरची कांडणे हीदेखील याच जातीची कामे होत. मगनवाडीची घाणी व आजच्या गटाचे दळणयंत्र यांत तत्त्वाचा फरक नाही.

अनुदान आधी की बचत आधी

एक कटु अनुभवही येथे नोंदविला पाहिजे. २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकास गटांत एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम लागू झाला. त्यात गरीब कुटुंबास जनावरे किंवा साधने घेण्यासाठी कर्ज व अनुदान मिळे. अनेकांना त्याचा लाभ झाला. पण अनेक ठिकाणी चारा, दवाखाना व बाजार यांची सोय नसताना जनावर आले आणि कर्ज मागे ठेवून गेले. १९९९ मध्ये स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजनेने गटांवर भर दिला. तेव्हाही केवळ अनुदानासाठी बांधलेले गट अनुदान वाटून झाल्यावर मोडले. ज्या गटाची पेटी स्वतःच्या पैशाने भरली होती, त्याला बाहेरचे पैसे पचले. ज्याची पेटीच नव्हती, त्याच्या हातून ते सांडले.

उणिवांकडे डोळेझाक करू नये. बैठकीची वेळ दिवसाची ठेवली तर मजुरीला जाणारी सर्वांत गरीब बाई आपोआप गळते. कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याच्या हाती, असे घडले की फेड तिच्या माथी येते. एक कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या ठिकाणचे कर्ज काढले, तर गट सावकारीची नवी पायरी ठरतो. तसेच कापसाचा भाव, पाण्याची सोय व पीकविमा हे प्रश्न पेटीने सुटत नाहीत. त्यांसाठी शासनाकडे व बाजार समितीकडे मागणी करावीच लागते. मात्र एकत्र बसण्याची सवय लागलेल्या गावाची मागणी ऐकली जाते, हाही अनुभव आहे.

गावाने काय करावे

१. पुढील ग्रामसभेपूर्वी मागील पाच वर्षांत कोणती घरे खाली आली व कशामुळे, याची यादी वस्तीनिहाय करावी. नावांचा बोभाटा करू नये; कारणे मोजावीत.

२. आजार, पेरणीचे कर्ज व मालाची कच्ची विक्री यांपैकी सर्वांत मोठा तडा कोणता, ते ठरवावे. एका वर्षात एकच तडा हाती घ्यावा.

३. वर्गणी सुगीत गोळा करावी. भूमिहीनाला झेपेल एवढी किमान रक्कम ठेवावी व जमीनधारकाने जमिनीच्या मानाने अधिक द्यावे.

४. बैठक रात्री, सर्वांना येता येईल अशा जागी घ्यावी. हिशेब दर बैठकीस मोठ्याने वाचून दाखवावा.

५. शासनाच्या योजनेचा अर्ज या चार गोष्टी सुरू झाल्यावर करावा.

चर्चेसाठी प्रश्न

आपल्या गावातून दर वर्षी व्याजापोटी किती रक्कम बाहेर जाते? गावातील कोणते घर आजवर एकाही गटात आले नाही आणि त्याचे कारण त्या घराला कोणी विचारले आहे काय? उद्या पहाटे एखाद्या घरात आजारी माणसाला रुग्णालयात न्यावे लागले, तर गाडीचे पैसे कोठून येतील?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या गावाला लगेच देता येते, त्या गावाची कणगी भरू लागली आहे असे समजावे. ज्याला देता येत नाही, त्या गावाने येत्या सुगीत पहिली पायली वेगळी काढावी.